हातानं ओढू नका, पाय हालवा

सुभेदार गेले. त्यांना शेवटचं भेटलो, तेव्हा माझं तोंड दाराकडे होतं.

हे वाक्य पेपरात चालत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी अमरावतीत बातमीदार. संस्कृतात एम.ए. केल्यामुळे ऑफिसातले सगळे मृत्युलेख माझ्याकडे येतात. देवभाषा येणाऱ्याची वर थोडी ओळख असेल, असा संपादकांचा समज असावा.

सुभेदार माझे मित्र, आणि चाळिशी उलटल्यावर लाभलेले गुरू. मूळचे तेल्हाऱ्याचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर अमरावतीत, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये, एअर रायफलच्या नेमबाजीची रेंज चालवायचे. दहा मीटरची.

मी गेलो होतो बातमी करायला. त्यांनी हातात रायफल दिली.

"उभे राहा."

मी राहिलो. सिनेमात राहतात तसा. छाती समोर, गुडघे वाकलेले, अंग पुढे झुकलेलं.

"हे लढाईचं झालं," ते म्हणाले. "गोळी घातली का लगेच जागा सोडा लागते, म्हणून गुडघा वाकवतेत. इथं तुमच्या मांगं कोनी लागलं हाये काय?"

"संपादक."

"मंग राहू द्या तसेच."

खेळातलं उभं राहणं वेगळं. निशाणाकडे डावा खांदा. गुडघे सरळ. कंबर पुढे काढायची, पाठ जराशी मागे, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं. रायफलचं वजन हाडांनी पेलायचं, स्नायूंनी नाही. अंगात कॅनव्हासचं असं जॅकेट की माणसाला वाकताच येऊ नये.

आणि मग थांबायचं. साठ छर्रे होईपर्यंत.

मी त्यांना ऐकवलं, की धनुष्य घेऊन उभं राहण्याच्या तऱ्हांना आपल्याकडे जुनी नावं आहेत. आलीढ, प्रत्यालीढ, समपद.

"घेऊन झाले नावं? आता डोये मिटा, गुरुजी."

मी कुणाचाच गुरुजी नाही. पण त्या दिवसापासून झालो.

डोळे मिटणं हा त्यांचा मुख्य धडा. पोझिशन घ्यायची, डोळे मिटायचे, दोन श्वास, मग उघडायचे. नळी जिकडे रोखलेली दिसेल, तिकडेच तुमच्या अंगाला जायचं असतं. निशाण बाजूला राहिलं असेल तर?

"हातानं ओढू नका. हात थकते, अंग पुन्हा तिथंच जाते. पाय हालवा."

गंमत अशी, की हे सरळ उभं राहणं स्वतः सुभेदारांना कधी जमलं नाही. पोरापोरींना खांबासारखं सरळ उभं करणारा माणूस. स्वतः रायफल उचलली, की नकळत वाकायचा.

"सुभेदार, गुडघा."

"तो रिटायर नाही झाला अजून."

एकदाच, हसू न आणता, म्हणाले होते, "हे जॅकेट घातलं का मले कोंडल्यावानी होते. तिकडं जो एका जागी अडकला, तो गेला."

गेल्या वर्षी पक्षाघात झाला. डावी बाजू गेली.

मुलाने अकोल्याला नेलं. जुन्या शहरात, दुसरा मजला. लिफ्ट नाही आणि जिना असा, की समोरून कुणी आलं तर एकाने परत जायचं. सुभेदारांना खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं.

त्यानंतर ते खाली आले नाहीत.

एक पलंग. एक खिडकी. खिडकीबाहेर समोरच्या घराची भिंत.

मुलगा वाईट नाही. वाईट असता तर ही पोस्ट सोपी गेली असती. दुकान सांभाळून बापाचं अंथरूणपांघरूण सगळं तोच करायचा.

मी रविवारी जायचो. पहिल्याच रविवारी त्यांनी पांघरूण बाजूला केलं.

"पहा गुरुजी. झाला गुडघा सरळ."

मग म्हणाले, "मले एक डाव रेंजवर न्या. बसल्या बसल्या एक छर्रा मारतो. उजवा हात हाये न."

"उतरवायला चार माणसं लागतील."

"त पाहा न चार मानसं."

"पुढच्या रविवारी."

हे मी आठ महिने म्हणत होतो. कधी माणसं नव्हती, कधी गाडी नव्हती, कधी मुलगा म्हणायचा डॉक्टरांना विचारू. ते दर वेळी विचारायचे. मला तो जिना चढताना आधी त्यांचा प्रश्न दिसायचा, मग ते.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं नाही.

"उभे राहा," म्हणाले. "पोझिशन घ्या. निशाण, माह्या डोक्यावरचं कॅलेंडर."

कोपऱ्यातली छत्री घेतली. डावा खांदा, कंबर, कोपर. डोळे मिटले. दोन श्वास. उघडले.

छत्रीचं टोक दाराकडे होतं.

मी घाईने ती कॅलेंडरकडे वळवली.

"हातानं नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "जा. गाडी सुटन तुमची."

गाडीला दीड तास होता.

मी गेलो.

आज सकाळी मुलाचा फोन आला. अकोल्याला पोचलो. आठ महिने न मिळालेली चार माणसं दहा मिनिटांत जमली होती. शेजारीच राहत होती. जिन्याच्या वळणावर थोडं तिरपं धरावं लागलं, बस.

घाटावर सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मी डोळे मिटले. दोन श्वास घेतले. सवयीने. उघडले तर समोर फाटक, आणि फाटकाबाहेर स्टेशनला जाणाऱ्या ऑटो.

आधी डावा पाय उचलून फिरवला. मग उजवा.

चिता समोर आली.

तसाच उभा राहिलो, शेवटचा माणूस जाईपर्यंत. गुडघे वाकले असतील थोडे. ते तुम्ही चालवून घ्याल.

निघा आता, सुभेदार. जिना संपला.

तुमच्या गुरुजींचा नमस्कार.