विमला गवसची दोघांपुरती होडी

विमला गवस सव्वीस वर्षं वास्कोत शिडं शिवत होती. माहेर पेडण्यातलं इब्रामपूर, म्हणजे समुद्रापासून लांब, डोंगराच्या कुशीतलं. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो विसाव्या वर्षी. ताडपत्र्या, तंबू आणि होड्यांची शिडं शिवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा. सुरुवातीची चार वर्षं तिच्या वाट्याला नुसत्या ताडपत्र्याच आल्या. मग एकदा शिडाचं कापड तिच्या मशीनखाली आलं, आणि तिची शिवण पाहून मेस्तानं, म्हणजे कारखान्याच्या मुकादमानं, तिला पुन्हा ताडपत्रीकडे जाऊच दिलं नाही.

नवं शीड चढवून बघायला गिऱ्हाइकाच्या होडीवरून खाडीत जावं लागे. विमला कोपऱ्यात बसून वाऱ्यानं भरलेलं कापड न्याहाळी, कुठं सुरकुती पडते, कुठं ताण जास्त येतो ते मनात टिपून घेई. पुढं लोक तिच्या हातात सुकाणूही देऊ लागले. क्लबातल्या शर्यतींत कुणी गळाला की "त्या शिडवाल्या बाईला बोलवा" असा निरोप येई. अशा वीस-बावीस होड्या तिच्या हाताखालून गेल्या. त्यातली एकही तिची नव्हती.

नवरा गौरेश सरकारी बसवर ड्रायव्हर. तीस वर्षांत त्याच्या गाडीला खरचटलंसुद्धा नव्हतं. रविवारी तो बायकोबरोबर खाडीत येई. होडीचा सुकाणूचा दांडा डावीकडं ओढला की होडी उजवीकडं वळते, हे त्याच्या हाताला पटायला तीन रविवार लागले. एकदा पटलं ते कायमचं.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी विमलानंही नोकरी सोडली. दोघं गौरेशच्या हरमलच्या घरी राहायला आली. आणि दोनच महिन्यांत क्लबाचं पत्रक आलं: जानेवारीत शर्यत, वास्कोच्या खाडीतून निघून तेरेखोलच्या मुखासमोर तरंगणाऱ्या बोयाला वळसा घालून परत. अट एकच. होडीवर माणसं दोन, तिसरं कुणी नाही.

सकाळी चहाच्या वेळी विमला म्हणाली, "अहो, होडी घेऊया."

"कोणाची?" गौरेशनं विचारलं.

"आपली."

गौरेशच्या हातातला उंडो पाव चहात भिजत राहिला आणि अर्धा तुटून कपात बुडाला. चमच्यानं तो बाहेर काढत तो म्हणाला, "बरां. पण बसूक जागा व्हयी हां. माजे गुडघे आता पैल्यासारखे नाय."

जुन्या होड्या विकून देणारा प्रज्योत विमलाच्या ओळखीचा. त्यानं पहिली होडी दाखवली ती वास्कोतच. चौतीस फुटी, पांढरीशुभ्र, निव्वळ शर्यतीसाठी बांधलेली. फेरी मारायला त्यानं सहा खलाशी बरोबर आणले होते. विमलानं सहाही जणांना धक्क्यावर बसायला सांगितलं.

"बाय, ह्यांच्याशिवाय ती हलणार नाही," प्रज्योत म्हणाला.

"शर्यतीत हे नसणार, प्रज्योतबाब. मग आजच बघूया हलते काय ते."

होडी हलली, आणि अशी हलली की विमलाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढासा वारा, पण पाणी कापत ती सुसाट निघाली. गौरेश तर दांडा धरून लहान मुलासारखा हसत होता. मन तिथंच अडकणार होतं. पण वळायची वेळ आली. डोलकाठीला मागून धरून ठेवणारे दोन दोर होते, आणि दर वळणाला एक ताणायचा, दुसरा सोडायचा. हे चुकलं तर काठीच मोडायची. शिवाय पुढचं प्रचंड शीड एका बाजूनं दुसरीकडं ओढून न्यायचं. चौथ्या वळणाला विमलाचे तळहात सोलले, कोपर आपटलं आणि दोर सोडायला एक श्वास उशीर झाला. काठी कुरकुरली. मागं बसलेल्या प्रज्योतनंच धावत येऊन दोर मोकळा केला.

दोघं धक्क्यावर उतरली. मग गौरेश म्हणाला, "बशीत पन्नास माणसां बसत माज्या मागसून, पण ब्रेक मीच दाबी. हंय ब्रेक दाबूक चार माणसां व्हयी."

विमलानं हातावरचं रक्त पुसलं. "नको," ती प्रज्योतला म्हणाली. आपल्याला हवी ती गोष्ट समोर असताना नाही म्हणणं किती जड जातं, ते तिला त्या दिवशी कळलं.

दुसरी होडी मांडवीच्या काठावरच्या एका यार्डात होती. आत फ्रिज, शेगडी, गाद्या, लाकडी कपाटं. गौरेशनं एका गादीवर अंग टाकलं आणि तो उठायलाच तयार होईना. विमला मात्र वर डेकवर गुडघे टेकून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत फिरत होती. टणटण, टणटण, आणि डोलकाठीच्या बुडाशी एकदम थप्प. तिनं खडूनं खूण केली. थप्प ऐकू येईल तिथं तिथं खूण करत गेली. शेवटी चटईएवढा पट्टा पांढरा झाला.

"फायबरच्या दोन थरांमधल्या लाकडात पाणी मुरलंय," ती म्हणाली. "काठीचा सगळा भार याच जागेवर येतो."

प्रज्योतला आता राग आला होता. "बाय, इतकं बघत बसलं तर कुणाचंच लग्न व्हायचं नाही."

"आमी इतका बघितला म्हणान आमचा टिकला," गादीवरून गौरेश ओरडला. प्रज्योतलाही हसू आवरेना.

परतताना गाडीत प्रज्योत म्हणाला, "आता उरली एकच. डिचोलीकडं, बार्ज दुरुस्त करायच्या यार्डात. तीस फुटी. प्रवासालाही चालते आणि शर्यतीलाही. पण ती बघण्यात अर्थ नाही. तिची शिडं कुजलीत. हे ऐकलं की गिऱ्हाईक तिकडं फिरकतसुद्धा नाही."

विमला पुढच्या सीटवरून वळली. "नुसती शिडंच?"

"बाकी मी कधी बघितलंच नाही," प्रज्योत म्हणाला.

यार्ड गोकुळदास नावाच्या म्हाताऱ्याचं होतं. आयुष्यभर त्यानं खनिज वाहणाऱ्या बार्जी ठोकून ठाकून पाण्यात सोडलेल्या. होडीचा मालक मुलाकडं परदेशात गेला तो परतलाच नाही, आणि विकण्याचा अधिकार गोकुळदासला देऊन मोकळा झाला. दोन गंजक्या बार्जींच्या मधोमध, ताडपत्रीखाली ती उभी होती. डोलकाठी उतरवून बाजूला ठेवलेली. अंगावर मातीचा थर, आणि आत शिरायच्या दाराशी बुलबुलानं घरटं करून कधीचं सोडून दिलेलं.

विमलानं साडीचा पदर खोचला आणि होडीखाली उताणी पडून तळाला जडवलेल्या शिशाच्या जड पात्याचा सांधा बोटानं चाचपून पाहिला. मग आत शिरून फळ्या उचलायला लावल्या. ते पातं धरून ठेवणारे बोल्ट एकेक करून पाहिले. एकाच्या कडेनं गंजाची रेघ उतरली होती. ती काही बोलायच्या आधीच गोकुळदास म्हणाला, "तो माका ठावक आसा. नवो घालून देतलंय. बाकीचे हातोडो मारून बघ."

तिनं खरोखर मारून पाहिले. नंतर तासभर डेक ठोकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत टणटणाशिवाय दुसरा आवाज आला नाही. काठीच्या तारा मात्र जुन्या होत्या. सगळ्या बदलाव्या लागणार होत्या. मग ती सुकाणूपाशी बसली. बसल्या जागेवरून डावा हात लांब केला, उजवा केला. शीड चढवायचा दोर, उतरवायचा दोर, आखडायचा दोर, सगळे हाताशी. उठून पुढं जायला नको, की कुणाला हाक मारायला नको. ती होडी बांधणाऱ्यानं कधीतरी, कुठंतरी, एकट्या माणसाचा विचार केला होता.

शेवटी शिडांची पोती उघडली. उंदरांच्या लेंड्या खाली सांडल्या. विमलानं कापड दोन हातांत धरून जरा ताणलं, ते पापडासारखं मोडलं. आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला तिथंच बसावं लागलं.

"बरी आसा मरे ही?" गोकुळदासनं गौरेशला हळूच विचारलं.

"ती शिडां शिवता," गौरेश म्हणाला. "सव्वीस वर्सां."

गोकुळदासनं प्रज्योतकडं पाहिलं, कुजक्या कापडाकडं पाहिलं, आणि मग तोही हसला. ज्या एका खोडीपायी होडी तीन वर्षं पडून होती, तेवढीच खोड या बाईला दुरुस्त करता येत होती. आणि तिच्यासारखी दुरुस्त करणारी गोव्यात दुसरी कुणी नव्हती.

होडी त्यांनी घेतली. नव्या शिडांचं कापड पसरायला हरमलच्या घरात जागा नव्हती. विमलानं माहेरच्या देवळाचा सभामंडप मागितला. इब्रामपूरच्या लोकांनी डोलकाठीची होडी कधी पाहिली नव्हती, पण शीड कसं होतं ते दीड महिना रोज पाहिलं. भजनाच्या दिवशी कापड गुंडाळून भिंतीशी जाई, दुसऱ्या सकाळी पुन्हा पसरे. पुढचं शीड तिनं मुद्दाम लहान कापलं. एका दोरानं स्वतःभोवती गुंडाळलं जाईल असं. मोठ्या शिडाला, वारा वाढला की आखडून लहान करायला, तीन पट्ट्या ठेवल्या. प्रज्योत बघायला आला तेव्हा त्यानं पावलांनी लांबी मोजली आणि म्हणाला, "बाय, लहान झालं. वेग कमी पडेल."

"सहा खलाशांचा वेग आम्ही दोघं कुठून आणणार?" विमला म्हणाली. "आम्हाला पेलेल तेवढाच वेग आमचा."

डिसेंबरात होडी पाण्यात उतरली. विमलाच्या माहेरच्या नदीवरून तिला त्यांनी 'तिळारी' म्हटलं. नियम विमलानं घातला: दोघांपैकी प्रत्येकाला होडी एकट्यानं परत आणता आली पाहिजे. महिनाभर एक जण काम करी, दुसरा हाताची घडी घालून बसे. हाताची घडी घालून बसणं गौरेशला जास्त कठीण गेलं.

शर्यतीच्या सकाळी अकरा होड्या सुटल्या. ती चौतीस फुटी पांढरी होडी मडगावच्या दोन डॉक्टरांनी घेतली होती. तासाभरात ती ठिपक्याएवढी झाली. जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यावर 'तिळारी' आपली संथ, सरळ चालली होती. हरमलच्या समोरून जाताना किनाऱ्यावर कुणीतरी लाल चादर हलवत होतं. गौरेशनं टोपी हलवली. दुपारी वारा पडला. तेरेखोलच्या बोयाला त्यांनी वळसा घातला तेव्हा पुढं पाच होड्या होत्या.

मग उत्तरेकडचा वारा उठला. आधी पाण्यावर काळसर पट्टा दिसला, आणि पाठोपाठ लाटांवर पांढरा फेस. वारा आता पाठीमागून होता. पुढच्या होड्यांनी एकामागून एक रंगीत फुग्यासारखी मोठी शिडं उघडली.

"आपण?" गौरेशनं विचारलं.

विमलानं मागं वळून वाऱ्याकडं पाहिलं. "आपण नाही. मोठं शीड एक पट्टी आखडते. पुढचं बांबूनं बाहेर धरते. तुम्ही फक्त तिला सरळ ठेवा."

"सरळ ठेवूचा काम माजा," तो म्हणाला. बसल्या जागेवरून दोन दोर, दोन मिनिटं, आणि काम झालं. लाट मागून उचली, होडी घसरत धावे, गौरेश दांडा जेमतेम बोटभर हलवी.

मोरजीच्या समोर पहिला फुगा फाटला. पुढं आणखी दोघांचे फुगे दोरांत गुंतले. दोन माणसांनी ते सोडवायचे की होडी सांभाळायची? त्यातली डॉक्टरांची होडी आडवी झाली, शीड पाण्यात लोळू लागलं. विमलानं जवळून जाताना हाक मारून विचारलं. दोघं ठीक होते, हातानंच "जा, जा" म्हणत होते. आग्वादसमोर आणखी एक होडी मागं पडली. आता पुढं एकच होती.

तीही गाठली असती तर बरं झालं असतं, पण ती चाळीस फुटी होती आणि तिचे दोघेही तरबेज. 'तिळारी' दुसरी आली. होडीच्या लांबीप्रमाणे वेळेतली सूट धरून क्लबाच्या माणसानं आकडे पुन्हा तपासले, चष्मा पुसला, आणि वाचून दाखवलं: चार मिनिटांनी पहिली, 'तिळारी'.

विमला खाली बसली. वीस-बावीस होड्यांवरच्या सगळ्या शर्यती, दुसऱ्यांची नावं लिहिलेले सगळे कप तिच्या डोळ्यांसमोरून गेले. प्रज्योत गर्दीतून वाट काढत आला आणि वाकून तिला नमस्कार केला.

"कप्तान कोण लिहू?" क्लबाच्या माणसानं पेन उघडून गौरेशकडं पाहिलं.

"ती कप्तान," गौरेश म्हणाला. "मी ड्रायवर."

संध्याकाळी ते दोघे डॉक्टर भेटायला आले, ओल्या कपड्यांतच. त्यांना त्यांच्या होडीसाठी लहान शिडं हवी होती. दोन माणसांना पेलतील अशी. विमला म्हणाली, "सोमवारी इब्रामपूरला या. देवळात."

दुसऱ्या सकाळी गौरेशनं पिशवी खांद्याला लावली. "मी बशीनं जातंय," तो म्हणाला. "तू होडी घेवन ये. एकट्यानं हाडूक येवक व्हयी, तुजोच नियम."

भरतीची वेळ साधून विमला एकटीच निघाली. आधी मोठं शीड चढवलं, मग पुढचं उलगडलं. वारा मंद होता, समुद्र सपाट, आणि पेडण्याचा किनारा हळूहळू जवळ येत होता. दुपारी शापोरा नदीच्या मुखातून, 'तिळारी' बांधून ठेवायच्या धक्क्याकडं ती आत शिरली तेव्हा गौरेश तिथं उभा होता. त्यानं दोर झेलायला हात पुढं केले. विमलानं नकारार्थी मान हलवली. त्यानं हात मागं घेतले. तिनं शीड उतरवलं, होडी अलगद धक्क्याला टेकवली, आणि उडी मारून स्वतःच दोर बांधला.