मिस्त्रीची आखूड फळी

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि त्या वयात एका माणसानं मला भर दुपारी कारखान्याच्या मातीत आडवं झोपवलं. डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी ताणली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि म्हणाला, "उभा माणूस लबाड ऱ्हास, भाऊ. आडवा पडना का खरं माप देस."

त्याला सगळे सुतळीमिस्त्री म्हणत. धुळ्यात आग्रा रोडला त्याचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना. टेप त्याच्या खिशात कधी पाहिला नाही. केबिनमधली झोपायची फळी तो माणसाच्या मापानं बांधायचा, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची सुतळी भिंतीवर वेगळ्या खिळ्याला टांगलेली. लिहिता येत नव्हतं, म्हणून खूण म्हणून एकेका सुतळीला रंगीत चिंधी. माझ्या सुतळीला लाल होती. एका जाड व्यापाऱ्याला त्यानं असंच झोपवलं आणि विचारलं, शेठ, पोटाचं माप आजचं धरू का दिवाळीनंतरचं? शेठ चिडला, पण बॉडी तिथंच बांधली. त्याचं काम तसं होतं.

मी चाळीस वर्षं ट्रक चालवला. माझ्या चारही गाड्यांच्या बॉड्या त्याच्याच हातच्या. तो स्वतः मात्र मालेगावच्या पुढं कधी गेला नाही. एवढ्या गाड्या देशभर पाठवल्या, पण स्वतः कारखान्याच्या दारात. गाडी परत आली की ड्रायव्हरला चहा पाजायचा आणि एकच गोष्ट विचारायचा, तिथलं पाणी कसं लागतं? कांडल्याचं खारट, नाशिकचं हलकं, इंदूरकडचं जड. शहर कसं आहे, बाजार कसा आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पाण्यावरून तो गाव ओळखायचा.

एकदा मी नागपूरकडून वळसा घालून, तापीच्या उगमावरून आलो तेव्हा त्यानं विचारलं, "मुलताईवरून उना ना? तापी तठे निंघस. तठलं पानी कसं लागस?"

मी म्हणालो, मला काय माहीत, मी थांबलोच नाही.

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "इतल्या येळा गया नि पानी पिधं नही? कसा माणूस शे तू."

हे बोलणं माझ्या मनात राहिलं. बायको गेली, मोठी गाडी विकली, एक पिकअप तेवढी ठेवली. पोरगा म्हणायचा, आबा, आता घरी बसा. घरी बसून मला कळलं की मी अर्धा देश पाहिला असं सांगत फिरतो, पण पाहिला काहीच नाही. नुसता त्यावरून गेलो. म्हणून ठरवलं की पिकअपवर एक खोली बांधायची आणि जिथं जिथं थांबलो नाही तिथं थांबायचं. आधी मुलताई. कुणाच्या घरी उतरायचं नाही, कुणाकडं जेवण मागायचं नाही. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण आयुष्यात कुणाला "जरा हात लाव" म्हणालो नाही. टायरसुद्धा एकट्यानं बदलायचो.

मिस्त्रीला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. दुसरे हसले असते. उंच खोका घाटात वाऱ्यानं डोलतो, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक. शिवाय माझ्या दारातलं पत्र्याचं शेड ठेंगणं. तेव्हा असं ठरलं की छत वर उठणारं करायचं. गाडी चालताना बसलेलं, मुक्कामाला उचललेलं, मधे चारी बाजूंनी ताडपत्री. उचललेलं छत किती उंच, हे ठरवायला त्यानं दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, सदरा काढून परत घाल. मी हात वर करून सदरा घालत असताना त्यानं बोटांपर्यंत सुतळी धरली. घरात माणसाला सदरा घालता आला पाहिजे, नाहीतर ते घर नाही, असं त्याचं म्हणणं.

चार महिने काम चाललं. चौकोनी पाइपाचा सांगाडा, त्यावर पत्रा, आतून प्लायवुड. पाण्याच्या टाकीला त्यानं तोटी दोनदा बदलली, कारण पहिल्या तोटीतून पाण्याला लोखंडाची चव येत होती. स्टोव्ह ठेवायचा कोनाडा, कपड्यांचा खण, कंदील टांगायला आकडा. मी रोज जायचो. काम कमी, बोलणं जास्त. मुलताईला कुठल्या बाजूनं जायचं, वाटेत किती मुक्काम, हे तो मलाच पुन्हा पुन्हा विचारायचा. मी सांगायचो आणि तो रंधा मारत ऐकायचा.

होळीच्या आसपास गाडी तयार झाली. मी आत चढलो आणि एका बाजूनं छत उचललं. ती बाजू हातभर वर गेली आणि दुसरी अडकली. पुन्हा जोर लावला, पुन्हा अडकली. त्याचे चार कामगार बघत उभे होते.

"दोन जणस्ले उठस ते," मिस्त्री खालून म्हणाला. "दोन्ही बाजूनी, एक दम."

मी म्हणालो, मी एकटा आहे, दुसरा कुठून आणू?

तो बोटाला सुतळी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "एकला माणूसनं घर नही ऱ्हास, भाऊ. खोकं ऱ्हास."

माझं डोकं फिरलं होतंच. तेवढ्यात माझ्या झोपायच्या फळीच्या समोर दुसरी फळी दिसली, आदल्या दिवशी ती नव्हती. खिडकीच्या बाजूला, माझ्या फळीपेक्षा चांगली वीतभर आखूड. मी तिच्यावर पाय आपटला. म्हणालो, "ही कुणासाठी? लाकूड संपलं का? वय झालं तुझं, मिस्त्री. मापं चुकायला लागली."

चार माणसांसमोर म्हणालो. तो एवढंच बोलला, "मना माप चुकत नही," आणि आत निघून गेला. मी किल्ली घेतली आणि गाडी घरी आणली.

त्यानंतर आठ महिने मी त्या रस्त्यानं गेलो नाही. त्यानं एका ड्रायव्हरबरोबर दोनदा निरोप पाठवला. ताडपत्री उन्हात ताणून ठेव, नाहीतर आखडेल. मी उत्तर दिलं नाही. छत एकट्यानं उठवायचं म्हणून गाडीचा जॅक लावून पाहिला, तर कोपऱ्यात ताडपत्री फाटली. ती मी स्वतः शिवली, वाकडीतिकडी, पण शिवली. गाडी शेडमध्ये उभी राहिली. मुलताईला गेलो नाही. कुणी विचारलं तर सांगायचो, पाय दुखतो.

दिवाळीनंतर तोच ड्रायव्हर दारात आला आणि म्हणाला, आबा, मिस्त्री गेला. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आतच. माती कालच झाली होती.

मी कारखान्यावर गेलो. त्याचा मुलगा निसार, आता तोच काम बघतो, त्यानं खुर्ची दिली. मी बसलो नाही. भिंतीकडं बघत होतो. लाल चिंधीच्या खिळ्याला दोन सुतळ्या होत्या. एक माझी. दुसरी तिला वरच्या टोकाशी बांधलेली, वीतभर आखूड.

मी विचारायच्या आत निसारच बोलला. "आबा, अब्बांचं माप भिंतीवर कधीच नव्हतं. तुमच्या गाडीच्या वेळी जमिनीवर झोपले आणि मला घ्यायला लावलं. मी म्हटलं, गंमत करता का? तर म्हणाले, मुलताईले जानं शे, पानी पेवाले."

"मला का नाही सांगितलं?"

"मी त्यांना तेच म्हणायचो. ते म्हणायचे, भाऊनं बोलावल्याशिवाय नाही."

मी बोलावलं नव्हतं. चार महिने रोज त्याच्यासमोर बसून मुलताईचा रस्ता सांगितला, आणि चल म्हणालो नाही. एकदा म्हणालो असतो तर तो रंधा टाकून उठला असता. मला वाटायचं, मागायचं नाही हा माझा बाणा. त्याचाही तोच होता, हे मला माझा मान सांभाळताना दिसलं नाही. शाबासकी मी त्याला कधी दिली नाही, ती गोष्ट वेगळी. पण ज्यानं जन्मभर एक माप चुकवलं नाही त्याला मी चुकला म्हणालो, आणि तेही त्याच्या स्वतःच्या मापाबद्दल.

निसार म्हणाला, आबा, गाडी घेऊन या, स्प्रिंगा बसवून देतो, एका हातानं छत उठेल. मी म्हणालो, राहू दे. दोन्ही सुतळ्या तेवढ्या मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी शेडबाहेर काढली. दूधवाला गल्लीत आला होता. अकरा वर्षं तो माझ्याकडं दूध घालतो आणि दूध सोडून आमचं बोलणं नाही. त्याला म्हणालो, "जरा हात लावता का?" त्यानं कॅन खाली ठेवली आणि आत चढला. मी एका बाजूला, तो एका बाजूला. छत एका दमात वर गेलं, कुठं अडकलं नाही. आखूड फळीवर मी आखूड सुतळी ताणून धरली. दोन्ही गाठी दोन्ही टोकांना टेकल्या. दूधवाल्यानं विचारलं, काय मोजता, आबा? मी म्हणालो, मिस्त्री.

मग दोघांनी मिळून छत खाली घेतलं. सुतळी फळीवरच राहू दिली, शेजारी एक रिकामा तांब्या ठेवला आणि गाडी जळगावच्या रस्त्याला लावली. मुलताईला पोचल्यावर छत उचलायला कुणाला हाक मारायची, तेवढं वाटेत ठरवायचं होतं.