श्वास न घेता येणारी अस्सल जात

मंडळी, आज सकाळी जनावरांच्या दवाखान्यात एका माणसाशी भांडून आले. वाईट अजिबात वाटत नाहीये.

त्याचा बुलडॉग फरशीवर आडवा पडून घरघरत होता, जीभ निळी पडलेली. आणि हे गृहस्थ मला कौतुकाने सांगत होते, "नाक बघा किती चपटं. अस्सल आहे."

ऐंशीच्या दशकात माझे बाबा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी मुंबईहून बुलडॉगची मादी आणली, राणी. रत्नागिरीच्या उन्हात दहा पावलं चालली की ती धापा टाकत बसायची. पूर्वीचे बुलडॉग लांब नाकाचे, काटक असत, हे बाबांनी वाचलं होतं. तसे परत व्हावेत म्हणून त्यांनी राणीची जोडी मालगुंडच्या एका शांत गावठी कुत्र्याशी लावली. चार पिल्लं झाली. आरे-वारेच्या वाळूत ती दमेपर्यंत धावायची, आणि तोंड मिटून झोपायची. राणीला तसं कधी जमलंच नाही.

बाबांचे एक कुत्रेशौकीन मित्र पिल्लं बघून म्हणाले, "जात बाटवलीस तू."

बाबा म्हणाले, "तुझ्या जातीला श्वास घेता येत नाही." मैत्री तिथेच संपली.

आज मीही त्या गृहस्थांना तेच ऐकवलं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, नाकपुड्या कापून मोठ्या कराव्या लागतील. तर यांचा पहिला प्रश्न, "मग डॉग शोमध्ये घेतील ना याला?"

तुम्ही तिथे असता तर गप्प बसला असता?