श्राउडचे चार स्क्रू

तीसेक वर्षं मी रत्नागिरीतल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. उष्णता हा माझा लाडका धडा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे केलं ते अडाणीपणातून केलं, अशी पळवाट मला नाही.

वडिलांची जुनी पेट्रोल गाडी माझ्याकडे आहे. निवृत्तीनंतर तिला नटवायचं खूळ डोक्यात शिरलं. बाकी सगळं मार्गी लागलं, पण हातखंब्याचा चढ आला की तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकायचा. तिचा पंखा एंजिनाला थेट जोडलेला, गरज असो नसो भणभणणारा. त्याऐवजी फॅन क्लच बसवावा असं मी ठरवलं. एंजिन थंड असताना तो पंख्याला सैल सोडतो, तापलं की घट्ट पकडतो. कागदावर आकृती काढून मी ती मेस्त्रींसमोर ठेवली.

मेस्त्री म्हणजे वडिलांच्या वेळेपासून ही गाडी सांभाळणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत, हात मात्र सोन्याचा. त्यांनी आकृतीकडे बघितलंही नाही. आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याची चकती केली, ती पंख्याच्या जागी धरली आणि वॉटर पंपापासून रेडिएटरपर्यंतचं अंतर तीन वेळा मोजलं. मी पसंत केलेला क्लच अर्ध्या इंचाने जाड निघाला. तो लावला असता तर पाती रेडिएटरला घासली असती. त्यांनी बुटका क्लच निवडला, समोर गुंडाळीची स्प्रिंग असलेला, कारण त्या स्प्रिंगला रेडिएटरची धग कळते. मग म्हणाले, “क्लचची हौस हाय तर बसवू, सर. पन गाडी थंड ठेवनार ता कडं.”

कडं म्हणजे श्राउड, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कवच. ते नसलं तर पंखा आजूबाजूची हवा नुसती घुसळत बसतो, रेडिएटरमधून ओढून घेत नाही. मेस्त्रींनी भंगारातला एक पत्रा ठोकून ठोकून ते घडवलं. पात्याची अर्धी रुंदी आत, अर्धी बाहेर आणि भोवती बोटभर फट. चार स्क्रूंवर ते बसवलं. हातखंब्याचा चढ आम्ही दोनदा चढलो, काटा जागचा हलला नाही.

पण ते दिसायला फार भिकार होतं. मे महिन्यात कोल्हापूरला जुन्या गाड्या जमणार होत्या. आमच्याकडून पाच गाड्या निघायच्या होत्या. तिथे बॉनेट उघडून दाखवायचं आणि आत ठोकलेला पत्रा? आदल्या दिवशी मी ते चार स्क्रू काढले, श्राउड पडवीत टाकलं आणि पंखा पुसून चकचकीत केला. एका फेरीला काय होतंय, असं स्वतःला समजावलं. विद्यार्थ्याने असलं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. बायको दारात उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी बायकोला शेजारी बसवून निघालो आणि आंबा घाटात तिसऱ्या वळणावर गाडी उकळली. बॉनेटमधून वाफेचे लोट. मागच्या चारही गाड्या थांबल्या, माणसं गोळा झाली. त्यांत एक बागायतदार होते. त्यांच्या दोन जुन्या जीप पावसाळ्यात मेस्त्रींकडे कामाला जायच्या होत्या. काय झालं, असं त्यांनीच विचारलं. मी तत्काळ सांगितलं, “मेस्त्रींनी क्लच चुकीचा निवडला.” खोटं बोलायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

वर आणखी फोन करून मेस्त्रींना मी बोलावूनही घेतलं. दोन तासांनी ते स्कूटरवरून आले, घामाने निथळत. बॉनेटखाली वाकले. स्क्रूंची चार रिकामी भोकं त्यांना दिसली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मी घाटाखालची झाडं बघू लागलो. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की चूक त्यांचीच, माप चुकलं, गाडी निवली की उतारावरून हळूहळू परत नेऊ.

वळणावर राखणदार देवाचं ठिकाण आहे. आमच्याकडे वाटेत गाडी अडली की नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय ती पुढे काढत नाहीत. गाऱ्हाणं एकाने घालायचं आणि जमलेल्यांनी होकार भरायचा. कुणीतरी नारळ काढला. मेस्त्री वयाने वडील, म्हणून तेच पुढे झाले.

“बा देवा म्हाराजा, ह्या गाडीच्या कामात काय चुकलामाकला आसल ता माज्या पदरात घाल, नि सरांना सुकरूप घरला ने रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. मीही हात जोडून म्हणालो, मोठ्याने. बायकोचे ओठ मात्र हलले नाहीत.

जीप कोल्हापूरच्या गॅरेजात गेल्या. पाठोपाठ आणखी दोघांनी मेस्त्रींकडचं काम काढून घेतलं. सर सांगतात म्हणजे खोटं कशाला असेल, असं लोक म्हणत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोराला सगळीकडे नमस्कार मिळत राहिले.

महिनाभराने धीर करून मी गॅरेजात गेलो. उभ्या उभ्या सगळं कबूल केलं, चार स्क्रूंसकट. मेस्त्री कार्बोरेटर धूत होते. मी विचारलं, तेव्हा तिथेच का नाही बोललात? ते म्हणाले की बाजूला बायको उभी, एवढी माणसं, त्यांच्यासमोर मास्तरांची मान खाली घालायची का? मी पुन्हा माफी मागू लागलो तेव्हा त्यांनी हात पुसले.

“मला काय सांगताव, सर? मला तवाच दिसला. ज्यांना दिसला नाय त्यांना जाऊन सांगा.”

याला दोन वर्षं झाली. बागायतदार दर आठवड्याला मासळी बाजारात भेटतात, गाडीची चौकशी करतात. ती बरी आहे, एवढंच मी सांगतो. आज हे सगळं लिहून काढलं, तर तेही कुणाचं नाव न घालता. मेस्त्रींचं नाव लिहायला त्यांची काहीच हरकत नव्हती. पण ते लिहिलं असतं, तर सर कोण हे गावाला कळलं असतं.