आनंदीबाईंचं कपाट

आनंदीबाई वेंगुर्ल्याच्या. सन छप्पन्नमध्ये त्या आमच्या खाडीकाठच्या गावात शिक्षिका म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. आवाज करडा, चाल भरभर आणि राग नाकाच्या शेंड्यावर. हल्ली निसर्गावर गोड गोड भाषणं करणारे भेटले की मला बाई आठवतात, कारण त्यांच्या तोंडून तसा गोड शब्द मी कधी ऐकला नाही.

शाळा भरायची भिकाजी परबांच्या मांगरात, म्हणजे त्यांच्या शेतावरच्या कौलारू गोठ्यात. बाईंनी पगारातून आणि मुंबईच्या भावाला पिडून आमच्यासाठी पुस्तकं जमवली होती. बहुतेक झाडांची, माशांची, किड्यांची. पक्ष्यांच्या पुस्तकासाठी त्यांचा एक नियम होता. शनिवारी एका पक्ष्याचं पान वाचायचं, मग तो पक्षी गावात शोधायचा, आणि वर्गातल्या प्रत्येकाने पाहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. खंड्याचं पान एका दिवसात उलटलं. घुबडाच्या पानावर आम्ही दिवाळीपासून शिमग्यापर्यंत अडकलो. शहामृगाचं पान बाईंनी टाचणी लावून बंदच केलं, नाहीतर आम्ही आजही तिथेच असतो. पाखरू मारलं तर पान कसं उलटणार, या काळजीने पोरांनी गलोली टाकल्या. प्रेमबिम नंतर आलं.

पावसाळ्यात मात्र पुस्तकांची दैना व्हायची. मांगराच्या जमिनीला ओल, भिंतीला वाळवी, आणि बाईंची पत्र्याची ट्रंक आतून घामेजायची. एका श्रावणात माशांचं पुस्तक उघडलं, तर आत वाळवीने बोगदे केलेले. बाई वर्गातच रडल्या. आम्ही त्यांना फक्त ओरडताना पाहिलं होतं, त्यामुळे आमची बोबडीच वळली.

बाईंना कपाट हवं होतं. फणसाच्या लाकडाचं, घट्ट दाराचं. तालुक्याच्या कचेरीत अर्ज करून त्या थकल्या. शेवटी परबच पुढे आले. स्वतः निरक्षर, पण मानी माणूस. नात शेवंती घडाघडा वाचायला लागली तसे ते खूश झाले आणि देवळात चारचौघांसमोर म्हणाले, कपाट मी देतो. खाडीकडचा त्यांचा उंच फणस हल्ली फळ धरत नव्हता. तो पाडायचा आणि बाबली सुतार गोव्याच्या कामावर जाण्याआधी कपाट करून घ्यायचं, असं ठरलं. त्या आनंदात बाईंनी आम्हाला गूळ-खोबरं वाटलं.

त्या फणसाच्या शेंड्यावर काकणीचं घरटं होतं. काकण म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची पांढऱ्या पोटाचा मोठा समुद्री गरुड, पाण्यातले साप आणि मासे उचलणारा. तिचं पान आम्ही थोड्याच दिवसांपूर्वी त्याच झाडाखाली उभं राहून उलटलं होतं. पण मोठ्यांपैकी कुणाच्या ध्यानात ते आलं नाही. बाईंच्याही नाही. त्यांना त्या झाडात आता फक्त फळ्या दिसत होत्या.

बाबली कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा परब होतेच, सगळी शाळाही बघायला गेली. शेवंतीने वर पाहिलं आणि जाऊन खोडाला पाठ लावून उभी राहिली. वर पिल्लू आहे म्हणाली. बाईंनी तिला दरडावलं, मग जरा नरमून म्हणाल्या, पिल्लू उडेपर्यंत थांबू. शेवंती हलली नाही.

"पुस्तकातच आसा, बाई. ती दर वर्साक त्याच घरट्यात येतत. आमका कपाट नको. पुस्तकां आमी घराकडे सांभाळतलंव."

बाईंना राग आला, खरा राग. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं होतं, आणि त्यांनीच वाचायला शिकवलेली पोर ते परत पाठवत होती. त्यांनी मान वर करून घरटं पाहिलं. मग त्यांनी बाबलीला कुऱ्हाड खाली ठेवायला सांगितलं.

परबांचा चारचौघांत दिलेला शब्द असा माघारी आला. "कपाट तुमका होया होता, माका न्हय," एवढंच बोलून ते घरी गेले. मांगर त्यांनी काढून घेतला नाही, पण बाईंशी बोलणं टाकलं.

पावसाच्या आधी प्रत्येकाने एकेक पुस्तक घरी नेलं. आमच्याकडे चुलीवरच्या दांडीला बियाणं आणि सुकी मासळी टांगतात, धुरामुळे कीड लागत नाही. तिथेच फडक्यात बांधून पुस्तकंही टांगली. ती तपकिरी झाली, सुक्या जवळ्याचा वास मारू लागली, पण एकालाही वाळवी लागली नाही. पावसात कामं थांबली की पोरं मोठ्याने वाचायची आणि घरातल्यांना ऐकावंच लागायचं. पक्ष्यांचं पुस्तक गेलं शेवंतीकडे, म्हणजे परबांच्याच चुलीवर.

सहासष्टमध्ये कचेरीतून लोखंडी कपाट आलं. बाईंनी पुस्तकं गोळा करायला घेतली. परबांकडे त्या धाकधुकीनेच गेल्या. शेवंती लग्न होऊन बांद्याला गेली होती. परब खाटेला खिळलेले, कारभार झिलांच्या, म्हणजे मुलग्यांच्या हाती. त्यांनी धाकट्या नातवंडांना पुस्तक काढायला सांगितलं, ते छातीवर ठेवलं, आणि इतक्या वर्षांनी बाईंशी बोलले.

"मी ह्यां पुस्तक देवचंय नाय, बाई. माझ्या मागसून झील फणस कापूक बघतले. पोरां ह्यां वाचतत, तवसर तेंका ता जमाचा नाय."

बाईंचे डोळे भरले. त्यांनी पुस्तक घेतलं, फडक्यात नीट बांधलं आणि स्वतःच्या हाताने परत चुलीवरच्या दांडीला टांगलं.