शेळीचे वरचे दात

"दिसतं तेच काढायचं, मनातलं नाही," असं दर वर्षी आठवीला बजावणारा मी त्या दिवशी फळ्यावर शेळीचा जबडा मनातूनच काढत होतो. पुढं खाली आठ दात, वर आठ दात. टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभावी अशी शेळी झाली.

मागच्या बाकावरून एक पोरगी उठली. तिच्या घरी शेळ्यांचा कळप.

"सर, वरचे दात काहून काढले? शेळीला पुढून वर दात नसतेत."

"मग पाला काय हिरड्यांनी तोडते?"

"व्हय सर."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. वरची रांग पुसता पुसता मी ठरवलं, हिला सोडायचं नाही.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेचं एकच चित्र जायचं होतं. तिनं नेमका शेळीचाच जबडा आणला. एकसलग रेघ, कुठं छटा नाही, नावं उजवीकडं एकाखाली एक. सगळं मीच शिकवलेलं, म्हणून जास्तच जळलो. मग दात मोजले. खाली सातच! मला तर लॉटरीच लागली.

"आठ पाहिजेत. चित्र बाद."

"आमच्या म्हाताऱ्या शेळीला सातच हाइत, सर. या की बघायला."

संध्याकाळी गेलो त्यांच्या आखाड्यावर, शेतात शेळ्या बांधायच्या जागी, पोरीला खोटं पाडायला. तिच्या आईनं शेळीचे ओठ फाकवले. खाली सात दात अन् एक रिकामी जागा. वर नुसती हिरडी. तरी मन मानेना. निदान दाढा तरी चुकल्या असतील म्हणून बोट आत सारलं.

"सर, बोट नका घालू, माघं दाढा..."

चर्वण म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं शिकवतो. त्या संध्याकाळी समजलं.

"दाढा बराबर हाइत ना, सर?" पोरगी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चित्रामागं 'प्रत्यक्ष पाहून काढले आहे' असा दाखला द्यायचा होता. बोटाला पट्टी, हातात भिंग. अख्खं चित्र पुन्हा तपासलं, एक तरी चूक सापडू दे म्हणून. सापडली! एका नावाची रेघ केसभर वाकडी होती. मागं तसा शेरा मारला, मगच सही केली.

तिनं कागद निरखून पाहिला. "सर, तुमची सहीबी वाकडीच आलीय."

चित्र प्रदर्शनाला गेलं. तिला मी पुढच्या आठवड्यात गोम काढायला दिली. सगळ्या पायांसकट.