देवाला सोडलेले बांगडे

"एकही टॅग परत आला नाही? एकही?" सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही सर."

"मग विद्यापीठाला मी कुठल्या तोंडानं सांगू, सेंटर चालू ठेवा म्हणून?"

साठच्या दशकातली गोष्ट. समुद्रातली मासळी टिकावी म्हणून तिचा अभ्यास करणारं विद्यापीठाचं एक लहानसं सेंटर आचऱ्याच्या किनाऱ्यावर होतं. सर तिथले प्रमुख, मी रिसर्च असिस्टंट. मुंबईच्या लॅबमध्ये बाटलीतले मासे बघून जीव विटला होता, म्हणून हट्टानं गावी बदली मागून घेतली होती. सेंटर बंद म्हणजे पुन्हा मुंबई.

टॅग म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी पिवळी चकती. जिवंत बांगड्याच्या पाठीत ती बारीक तारेनं अडकवायची आणि मासा समुद्रात सोडायचा. तो कुणाच्या जाळ्यात सापडला की चकती आमच्याकडे आणून द्यायची. त्यावरून बांगडे कुठून कुठे जातात ते कळतं. गावात सगळ्यांना हे समजावलं होतं. माना डोलल्या होत्या.

मी तडक रापणीवर गेलो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं. तिचे म्होरके विठूकाका दोर गुंडाळत होते.

"काका, पिवळ्या चकतीचो एकय बांगडो गावलो नाय?"

"गावले मां! बरेच गावले."

"मगे खंय आसत?"

"सोडले परत." काका माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, नारळ ठेवन, गाऱ्हाणा घालून सोडलेले ते. आमीच 'व्हय म्हाराजा' म्हटला. देवाचो मासो कोण खातलो रे?"

मासे सोडण्याआधी गाऱ्हाणं घालून देवाला साकडं घालावं, ही कल्पना माझीच. कामाला गावाची साथ मिळावी म्हणून. साथ मिळाली, तीही अगदी मनापासून.

"माका परत मुंबैक धाडतले, काका."

काकांनी दोर खाली टाकला. गावच्या मुलाला ते झील म्हणायचे. "असा कसा? देवाक सांगूया, आमचो झील हंय र्‍हवाक व्हयो, एक तरी मासो परत दी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गाऱ्हाणं झालं. एरवी रापणीकडे न फिरकणारेही दोर ओढायला आले. जाळं वर आलं तशा बायका वाकून एकेक बांगडा उलटापालटा करून बघू लागल्या. चकतीचा एकही निघाला नाही.

सरांना सगळं सांगितलं. ते हसले. "देवाला परत केले, असा कॉलम रिपोर्टमध्ये नसतो रे," एवढंच म्हणाले.

सेंटर बंद झालं. मी मुंबईला गेलो आणि तिथूनच रिटायर झालो. नव्या मुलांना ट्रेनिंग देताना सांगायचो, प्रयोगात गावाला जरूर सामील करून घ्या, पण गावाला त्यातलं काय कळलंय ते आधी विचारा. मुलं लिहून घ्यायची. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ओल्या बांगड्यांवर वाकलेलं अख्खं गाव यायचं. मला ठेवून घेण्यासाठी एवढी शोधाशोध त्यानंतर कुणी केली नाही.